जपानच्या डोंगरातली गरम पाण्याची सराई: चार रात्री की दोन?

नमस्कार ताई,

तुमचं लांबलचक पत्र आणि सोबतची एक्सेल शीट दोन्ही नीट वाचलं. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. ताई नाशिकच्या, दोघंही नोकरीला, हातात महिन्याला 1.35 लाख येतात, घरखर्च 60 हजार, होम लोनचा हप्ता 15 हजार, एसआयपी 30 हजार, म्हणजे 30 हजार उरतात. पुढच्या 3 मेला लग्नाला 25 वर्षं होतायत, अजून 11 महिने आहेत. ताईंना जपानला जायचंय आणि टोकियोपेक्षा जास्त ओढ आहे ती अकिता प्रांतातल्या न्यूतो ऑनसेनची (ऑनसेन म्हणजे गरम पाण्याची कुंडं), डोंगरात, जंगलात, जुनी लाकडी सराई, तिथे 4 रात्री. शीटमध्ये एकूण खर्च 4.30 लाख. पैसे कुठून, तर एक तर 5 लाखांची एफडी मोडायची नाहीतर 13 टक्क्यांनी पर्सनल लोन. आणि साहेबांचं, म्हणजे ताईंच्या यजमानांचं, म्हणणं की गरम पाण्याची कुंडं बघायला एवढ्या लांब कशाला, वज्रेश्वरी काय वाईट आहे :)

आधी एक वाईट बातमी देतो. तुमच्या शीटमधला सराईचा आकडा चुकलाय. तुम्ही 28,000 येन गुणिले 4 रात्री असं करून 1,12,000 येन, आणि एका येनला 60 पैसे दराने 67,200 रुपये धरलेत. पण जपानमधल्या रियोकानचा, म्हणजे अशा पारंपरिक सराईचा, दर खोलीचा नसतो हो, माणशी असतो! त्यांच्या साइटवर जो आकडा दिसतो तो बहुतेक वेळा 'एका खोलीत दोघं राहिले तर प्रत्येकी' असा असतो, आणि त्यात रात्रीचं जेवण न् सकाळचा नाश्ता धरलेला असतो. त्याला तिकडे इप्पाकु निशोकु म्हणतात, एक रात्र दोन जेवणं. म्हणजे तुम्हा दोघांची एक रात्र 56,000 येन, आपले 33,600 रुपये, आणि 4 रात्री म्हणजे 1,34,400. वर थोडासा स्नानकर लागतो, बहुतेक ठिकाणी माणशी 150 येन, तो सोडून द्या. ही चूक मी स्वतःच्या ट्रिपला पण केलीय आणि काउंटरवर पैसे मोजताना बायकोने जे बघितलं माझ्याकडे ते अजून आठवतं, त्यामुळे तुम्हाला हसत नाहीये.

आता चांगली बातमी. तुम्ही लिहिलेले 67,200 हे बरोब्बर 2 रात्रींचे पैसे आहेत, आणि माझ्या मते तिथे 2 रात्रीच राहायला हव्यात.

एक का नाही? तर या सराया चेक-इन दुपारी 3 च्या आसपास देतात, 6 वाजता जेवायला बसवतात आणि सकाळी 10 ला खोली रिकामी करायला लावतात. हातात आले 19 तास, त्यातले 8 झोपेत. आणि तिथे पोचायला टोकियोहून कोमाची शिंकान्सेन या बुलेट ट्रेनने ताझावाको स्टेशनपर्यंत साधारण 3 तास, मग बसने वर डोंगरात पाऊण तास. जाण्यायेण्याचे पैसे तर तेवढेच लागणार, एक रात्र राहा नाहीतर चार. एका रात्रीवर तो सगळा प्रवास टाकला तर ती रात्र भयंकर महाग पडते. दोन रात्रींमध्ये मधला एक अख्खा दिवस मिळतो आणि न्यूतोची खरी मजा त्या दिवसात आहे, कारण तिथे एकूण 7 सराया आहेत, प्रत्येकीचं पाणी वेगळं, आणि मुक्कामाला असलेल्या पाहुण्यांना एक पासबुक विकत मिळतं ज्यावर सातही ठिकाणी एकेकदा डुंबता येतं. त्यातली सगळ्यात जुनी त्सुरुनोयु, तिचं दुधासारखं पांढरं पाणी आणि गवताने शाकारलेली जुनी इमारत, तुम्ही फोटोत बहुधा तीच बघितली असणार.

आणि चार का नाही? कारण तिसऱ्या दिवशी तिथे करायला काही नसतं. सराया सोडल्या तर दुकान नाही, हॉटेल नाही, बाहेर जेवायची फारशी सोय नाही, आहे ती शांतता, आणि ती शांतता तुम्ही 33,600 रुपये रात्रीने घेताय. ज्यांच्याकडे भरपूर आहे त्यांनी खुशाल घ्यावी. तुम्ही त्या 2 रात्री टोकियोला साध्या बिझनेस हॉटेलात काढल्यात तर 12,000 येनच्या खोलीने 14,400 रुपये आणि जेवणाचे चार-पाच हजार धरा, मिळून साधारण एकोणीस हजार.

हे जास्तीचे एकोणीस हजार कुठून आणायचे? तुमच्याच शीटमधून. तुम्ही दोघांसाठी 7 दिवसांचा देशभराचा रेल्वे पास धरलाय, 50,000 येन माणशी. ऑक्टोबर 2023 च्या आधी तो 29,650 ला होता तेव्हा लोक डोळे झाकून घ्यायचे, आता तसं राहिलं नाही. तुम्ही क्योटोसारख्या आणखी लांबच्या शहराला जात नाही आहात. टोकियो ते ताझावाको एका बाजूने साधारण 17,000 येन, जाऊन येऊन 34,000. माणशी 16,000 येन वाचले, दोघांचे मिळून 19,200 रुपये. झालं, एकूण परत 4.30 वरच आलो. फक्त कोमाचीत सगळ्या सीट रिझर्व्ह असतात, तिकीट आधी काढा.

तारखेचं मात्र ऐका माझं. 3 मे हा तिकडे संविधान दिन, 4 आणि 5 पण सुट्टी, तो सगळा आठवडा म्हणजे गोल्डन वीक, अख्खा जपान फिरायला बाहेर पडलेला असतो. सरायांचे दर सगळ्यात चढे आणि खोल्या महिनोन् महिने आधी गेलेल्या. 3 तारखेला घरी सगळ्यांना जेवायला बोलवा आणि 10 मे नंतर निघा, तेही सराईत रविवार ते गुरुवार यातलेच वार पकडा, शनिवारची रात्र महाग असते.

आता पैसे कुठून. लोन नकोच. 4.30 लाख 13 टक्क्यांनी 3 वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण 14,500 आणि एकूण व्याज 91 हजारांच्या वर. त्या व्याजात त्याच सराईत पावणेतीन रात्री झाल्या असत्या! एफडी पूर्ण मोडायची तर मागे 70 हजार उरतील, म्हणजे घरखर्च न् हप्ता मिळून एक महिनासुद्धा निघणार नाही, आणि तुमच्या पत्रात दुसरा कुठलाच अडीअडचणीचा पैसा दिसत नाहीये. मुलाचं इंजिनिअरिंग 2 वर्षांवर आलंय, त्यामुळे एसआयपीला तर हात लावायचाच नाही.

तुमचे उरणारे 30 हजार आहेत ना, त्याची आरडी या महिन्यापासून लावा. 11 हप्त्यांचे 3.30 लाख, व्याजाचे दहाएक हजार, 3.40 झाले. कमी पडतात 90 हजार, तेवढेच एफडीतून काढा. बँकेत जाऊन आधीच विचारा की थोडीच रक्कम काढता येते का, नाहीतर रिन्यूअलच्या वेळी एकाच्या चार-पाच छोट्या एफडी करून ठेवा. मागे 4.10 लाख राहतात, साडेपाच महिन्यांचा खर्च. मला सहा महिन्यांचा खर्च बाजूला लागतो, अर्धा महिना कमी पडतोय, पण दोघांचे पगार चालू आहेत आणि परत आल्यावर 3 महिने तीच आरडी चालू ठेवली की खड्डा भरून निघतो, म्हणून चालवून घेतो. तिकीटं आधी काढावी लागतील तेव्हा आरडी पूर्ण झालेली नसणार, एफडीतले 90 हजार त्यालाच वापरा.

येनचा दर वरखाली होतो त्याची फार धास्ती घेऊ नका. 60 चे 70 पैसे झाले तरी सराईचे 11,200 रुपये वाढतील, बाकीचा तिकडचा खर्च पण त्याच प्रमाणात वाढेल, म्हणून तीन-चार टप्प्यांत फॉरेक्स कार्डवर येन घेत जा. क्रेडिट कार्डवर साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप आणि त्यावर जीएसटी जातो. शिवाय अशा आडबाजूच्या सरायांमध्ये कार्ड चालेलच असं नाही, 1,12,000 येन रोख जवळ हवेत, ते खाली शहरातच एटीएममधून काढून ठेवा.

दोन गोष्टी राहिल्या आणि त्या पैशाइतक्याच महत्त्वाच्या. एक, तिथे अंगावर काहीही न ठेवता पाण्यात उतरतात, आधी बसून साबणाने स्वच्छ अंघोळ करून. बायका-पुरुषांची कुंडं बहुतेक वेगळी असतात, काही उघड्यावरची मात्र एकत्र. हे जमणार नसेल तर दोघांपुरतं कुंड तासाच्या हिशोबाने मिळतं का ते विचारा, नाहीतर पैसे देऊन नुसतं काठावर बसाल.

दुसरं, साहेब शाकाहारी आहेत असं तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण सगळा हिशोब तिथेच अडकू शकतो. 28,000 मधला मोठा भाग रात्रीच्या जेवणाचा असतो, मिठात भाजलेला नदीतला मासा, रानभाज्या, कंदाचं सूप, आणि वरून निव्वळ भाजी दिसणाऱ्या पदार्थातही माशाच्या किसाचं पाणी असतं. साहेबांनी नुसता भात आणि लोणचं खाल्लं तर पूर्ण दर देण्यात अर्थ नाही. बुकिंगच्या आधी, नंतर नाही, लेखी विचारा की माशाच्या पाण्याशिवाय जेवण देणार का, किंवा साहेबांना फक्त नाश्त्याचा दर लावणार का. जेवण देणार असतील तर लगेच खोली धरा. फक्त नाश्त्याचा दर मिळाला तर साहेबांच्या दोन्ही रात्रींच्या जेवणाचा डबा नाशिकहूनच न्यावा लागेल. आणि दोन्हीला नाही म्हणाले तर दुसरी सराई शोधा आणि मला परत लिहा, शीट नव्याने करू.