छंद-संवाद: तीन निळ्या गाड्या, तीन वेगळ्या शर्यती

प्रश्न: माझा भाचा काही वर्षे फ्रान्समध्ये नोकरीला होता. परत येताना त्याने माझ्यासाठी १:४३ प्रमाणातील तीन छोट्या शर्यतीच्या मोटारी आणल्या. तिन्ही ‘मात्रा-सिम्का एमएस ६७०’ आहेत आणि तिन्ही निळ्या आहेत. एकीवर १५, दुसरीवर ११ आणि तिसरीवर ७ असा आकडा आहे. एक शोकेसमध्ये ठेवून उरलेल्या दोन नातवंडांना खेळायला द्याव्यात, असे घरातल्यांचे म्हणणे आहे. गाड्या एकसारख्याच असतील तर माझी हरकत नाही. आपला सल्ला काय?
— एक निवृत्त शिक्षक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर: त्या एकसारख्या नाहीत, म्हणून कृपया देऊ नका. नातवंडांसाठी दुसऱ्या गाड्या सहज मिळतील, पण हा संच मोडला तर पुन्हा जुळवणे कठीण जाईल.

ज्याला प्रोटोटाइप म्हणतात ती गाडी विक्रीसाठी नव्हे, तर केवळ शर्यतीसाठी बांधलेली असते. दोन शर्यतींच्या मधल्या काळात तिचे शेपूट बदलते, पंख बदलतो, चाके आणि दिवे बदलतात. त्यामुळे अशा गाडीचे चांगले मॉडेल हे ‘एमएस ६७०’ या नावाचे मॉडेल नसते, तर एका ठरावीक दिवशी, ठरावीक चालकांच्या हाती ती गाडी जशी होती त्याची ती नोंद असते. आपल्याकडच्या तीन आकड्यांमध्ये अशा तीन नोंदी आहेत आणि सुदैवाने तिन्ही फ्रान्समधील ले मान्स येथील २४ तासांच्या शर्यतीतील विजेत्या गाड्यांच्या आहेत.

१५ क्रमांकाची गाडी १९७२ ची. आँरी पेस्कारोलो आणि ग्रॅहम हिल यांनी ती चालवली. १९५० साली ताल्बो-लागो जिंकल्यानंतर फ्रेंच गाडीला ले मान्समध्ये विजय मिळाला तो थेट या वर्षी, म्हणजे बावीस वर्षांनी. हिल यांनी त्याआधी फॉर्म्युला वनचे जगज्जेतेपद दोनदा आणि इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत एकदा जिंकलेली होती, आणि ले मान्सची त्यांच्या खात्यातील उणीव याच निळ्या गाडीने भरून काढली. ११ क्रमांकाची १९७३ ची गाडी काटेकोरपणे सांगायचे तर ‘एमएस ६७० बी’ आहे. तिच्यात पेस्कारोलो यांच्या जोडीला जेरार लारूस होते आणि त्यांनी फेरारीला मागे टाकले. ७ क्रमांकाची १९७४ ची गाडी ‘सी’ आवृत्तीची, चालकांची जोडी तीच. त्या वर्षी आघाडीवर असताना तिचा गिअरबॉक्स बिघडला. तो पोर्शच्या बनावटीचा होता आणि दुसऱ्या क्रमांकावर धावत होती तीही पोर्शच. तरीही पोर्शच्या माणसांनी दुरुस्तीला हात लावला. शर्यतींच्या इतिहासातला हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो, आणि आपल्या कपाटातील त्या बोटभर लांबीच्या गाडीकडे पाहताना तो आठवावा अशी माझी इच्छा आहे. त्याच वर्षाअखेरीस मात्रा या फ्रेंच कंपनीने मोटार शर्यतींतून निवृत्ती घेतली, त्यामुळे ही तीन मॉडेल्स मिळून एक पूर्ण कथा होते.

७ क्रमांकाच्या गाडीवर ‘जितान’ या फ्रेंच सिगारेटचे नाव आहे का, ते भिंगातून पाहावे. मूळ गाडीवर ते ठळक होते, परंतु तंबाखूच्या जाहिरातीवरील निर्बंधांमुळे अनेक उत्पादक मॉडेलवर ती अक्षरे छापत नाहीत आणि जागा कोरी सोडतात. तशी ती कोरी असेल तर मॉडेल सदोष समजू नये. काही संग्राहक पाण्यात भिजवून लावायचे डिकल (छापील अक्षरांची पातळ पट्टी) स्वतंत्रपणे मिळवून ती जागा भरतात. मी स्वतः तसे करीन, कारण नोंद खरी असावी असे मला वाटते. मात्र हात बसलेला नसेल तर पहिला प्रयोग या गाडीवर करू नये.

प्रश्न: मी फक्त फ्रेंच विजेत्या गाड्या जमवतो. रोंदो या गाडीचे इंजिन ब्रिटिश होते असे वाचले. मग तिला संग्रहात जागा द्यावी का? आणि अल्पीन-रेनॉची १९७८ ची गाडी घेताना काय पाहावे?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, पंचवटी

उत्तर: रोंदो एम ३७९ बी मध्ये कॉसवर्थ या ब्रिटिश कंपनीने बांधलेले फोर्ड डीएफव्ही इंजिन होते, ही गोष्ट खरी आहे. पण ज्यां रोंदो हे ले मान्स शहराचेच सुपुत्र. त्यांनी स्वतःच्या नावाची गाडी त्याच शहरात बांधली आणि १९८० मध्ये ज्यां-पिएर जोसो यांच्यासह ती स्वतः चालवून शर्यत जिंकली. स्वतःच्या नावाच्या गाडीतून ले मान्स जिंकणारा दुसरा चालक आजवर झालेला नाही. इंजिनाच्या मूळ देशावरून ही गाडी बाहेर ठेवली, तर फ्रेंच संग्रहातले सर्वांत जिव्हाळ्याचे पान गळून जाईल. विजेत्या गाडीचा क्रमांक १६ होता, तो तपासून घ्यावा.

अल्पीन-रेनॉच्या बाबतीत नजर छतावर ठेवावी. १९७८ ची विजेती गाडी ए ४४२ बी, क्रमांक २. चालक दिदिए पिरोनी आणि पुन्हा जोसोच. हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून चालकाच्या डोक्यावर पारदर्शक घुमट बसवला होता. त्याने वेग मिळाला खरा, पण आतल्या उष्म्याने चालक हैराण झाले आणि शर्यत संपली तेव्हा पिरोनी पार गळून गेले होते. आधीच्या ए ४४२ ला हा घुमट नव्हता. उघड्या छताच्या मॉडेलवर २ आकडा चिकटवून ‘१९७८ चा विजेता’ म्हणून कोणी देऊ केले, तर ते घेऊ नये. दोन्ही गाड्या पिवळ्या-काळ्या असल्याने छायाचित्रात फसगत होते. म्हणून विक्रेत्याकडून वरून काढलेले छायाचित्र आवर्जून मागवावे.

प्रश्न: नवीन सुरुवात करणाऱ्याने कोणते प्रमाण निवडावे?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर: साडेचार मीटर लांबीची गाडी १:१८ मध्ये २५ सेंटिमीटर, १:४३ मध्ये सुमारे साडेदहा आणि १:६४ मध्ये सात सेंटिमीटर होते. फ्लॅटमधील जागा आणि विषयाची व्याप्ती पाहता १:४३ निवडावे. हे चमत्कारिक वाटणारे प्रमाण खेळण्यातील रेल्वेवरून आले, ज्यात १ फुटाला ७ मिलिमीटर धरत. जुन्या फ्रेंच प्रोटोटाइपची सर्वाधिक विविधता याच प्रमाणात आहे: सोलिदो या उत्पादकाची जुनी धातूची मॉडेल्स यात आहेत आणि स्पार्क या उत्पादकाची आजची रेझिनची मॉडेल्सही यातच आहेत.

प्रश्न: मी सातपूरच्या एका कारखान्यात डाय-कास्टिंग (साच्यात वितळलेला धातू ओतण्याच्या) विभागात तीस वर्षे काम केले. माझ्याकडील एका जुन्या धातूच्या मॉडेलला या पावसाळ्यात बारीक भेगा पडल्या आणि रंगाखाली फुगवटे आले. मॉडेल पडलेले नाही. हे ओल्या हवेमुळे झाले का?
— एक निवृत्त कामगार, सातपूर

उत्तर: ओल्या हवेने रोग वाढवला, पण बीज ओतकामाच्या दिवशीच पडले होते, आणि हे आपल्याइतके चांगले कोणाला समजणार? ही मॉडेल्स झमाक या मिश्रधातूची असतात. त्यात जस्त मुख्य, ॲल्युमिनियम सुमारे ४ टक्के, शिवाय थोडे तांबे व मॅग्नेशियम. भट्टीत शिशाचा किंवा कथिलाचा अत्यल्प अंश जरी मिसळला, उदाहरणार्थ भंगार वितळवताना, तरी तो कणांच्या सीमांवर साचतो आणि दमट, उष्ण हवेत तेथूनच धातू आतून पोखरला जातो. भाग फुगतो, वाकतो आणि शेवटी भुगा होतो. म्हणून १९२० च्या दशकाच्या अखेरीस अतिशुद्ध जस्त वापरायला सुरुवात झाली; तरीही ज्या कारखान्यांनी शुद्धता पाळली नाही, त्यांची पुढच्या काळातली मॉडेल्सही या रोगाला बळी पडली आहेत.

यावर उपाय नाही, हे सांगताना मला वाईट वाटते. रंग खरवडून किंवा चिकटद्रव्य भरून भेग थांबत नाही. त्या गाडीची आत्ताच सर्व बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवावीत आणि चाके, काच, डिकलचे तुकडे असे धातू नसलेले भाग सुखरूप असतील तोवर काढून घ्यावेत. शेजारच्या गाड्यांना संसर्ग होत नाही. परंतु त्या एकाच वेळच्या ओतकामातील असतील तर दर महिन्याला त्यांच्या तळाकडे पाहावे, कारण भेग बहुधा तेथे आधी दिसते.

नाशिकच्या हवामानासाठी दोन-चार गोष्टी सांगतो. जुलै ते सप्टेंबर या काळात काचेच्या कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि रंग बदलला की उन्हात किंवा मंद ओव्हनमध्ये वाळवून पुन्हा वापराव्यात. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला कपाट टेकवू नये. डांबराच्या गोळ्या मुळीच ठेवू नयेत, त्यांच्या वाफेने प्लॅस्टिक मऊ पडते. नव्या प्लायवुडच्या कपाटात आम्लाचा वास असेपर्यंत मॉडेल ठेवू नये. शिसे असलेल्या पांढऱ्या धातूच्या जुन्या किट त्या वाफेने पांढऱ्या पडतात. रेझिनची मॉडेल्स मे महिन्यात स्लॅबखालच्या माळ्यावर ठेवली तर वाकतात. रबरी टायर प्लॅस्टिकच्या पट्टीवर वर्षानुवर्षे टेकून राहिले तर त्यातील तेलकट द्रव्य प्लॅस्टिकला खाते, म्हणून गाडीच्या पोटाखाली पुठ्ठ्याची छोटी घडी ठेवून चाके केसभर उचललेली राहतील असे पाहावे.