पुंगळी फेकण्याआधी पाहा

मुलगी एनसीसीत आहे. पॉइंट टू-टू (.२२) रायफलीच्या सरावात तिच्या एका गोळीवर पिनेची खूण उमटली, पण गोळी सुटलीच नाही. दोष रायफलीचा की गोळीचा? (धरमपेठ)

खूण किती खोल होती ते तिला विचारा. .२२ च्या काडतुसाला मधोमध प्राइमर (पिनेच्या ठोक्यानं पेटणारी टिकली) नसतो. पेट घेणारं मिश्रण बुडाच्या कडेतल्या पोकळीत असतं आणि पिन ती कड चेपते. खूण उथळ असेल तर संशय रायफलीवर: स्प्रिंग थकलेली, नाहीतर बोल्टमध्ये (काडतुसामागच्या सरकत्या खिटीत) तेल अन् आपली उन्हाळ्यातली धूळ यांचा चिखल. खूण खोल आणि तरी गोळी मुकी, तर बहुधा त्या जागी मिश्रणच पोचलं नव्हतं. दोन्ही वेळी नियम एकच: नळी निशाण्याकडे, बोल्ट बंद, हात वर, आणि निदान ३० सेकंद थांबायचं. गोळी कधीकधी उशिरा सुटते.

आजोबांची .३१५ रायफल आहे. काडतुसं गोठ्यावरच्या माळ्यावर पेटीत होती. एकही झाडलेलं नसताना काहींच्या मानेला (गोळी धरणाऱ्या टोकाला) उभ्या चिरा पडल्यात. हे कसं? (काटोल)

गोठ्यानंच फोडली ती. चेष्टा नाही. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेला हाच अनुभव आला होता. पावसाळ्यात दारूगोळा तबेल्यात ठेवायचे, आणि उघडीप झाल्यावर पेट्या उघडाव्यात तर पितळ तडकलेलं. हंगामात घडायचं म्हणून इंग्रजीत त्याचं नावच ‘सीझन क्रॅकिंग’ पडलं. उलगडा झाला १९२१ मध्ये. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी दाखवलं, की घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि पितळात आधीच दबून राहिलेला ताण, दोघं मिळून ही चीर पाडतात. एकट्याचं ते काम नाही.

हा ताण येतो कुठून? पुंगळीचं, म्हणजे काडतुसाच्या नळकांड्याचं, पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. ते थंड असतानाच ओढून, दाबून आकार देतात, त्यामुळे ते कडक होतं. तांबट ठोकून ताठलेला पत्रा पुन्हा तापवून मऊ करतो ना, तसंच कारखान्यात पुंगळीची मान तापवतात. मानेवर दिसणारी निळसर-तपकिरी झाक त्याचीच. पण पुढे गोळी बसवताना मान पुन्हा आवळली जाते, म्हणून चीर तिथूनच सुरू होते.

चिरलेली सोडाच, त्या पेटीतली दिसायला धड काडतुसंही झाडू नका. आजोबा हयात नसतील तर आधी परवान्याचं बघा आणि पोलीस ठाण्यात कळवा. तो प्रश्न चिरांपेक्षा मोठा आहे.

रेंजवर मिळालेली पुंगळी आठवण म्हणून किचेनला लावू का? (प्रतापनगर)

नका लावू. रेंजवर पुंगळ्या मोजून परत घेतात. आणि विमानतळावर बॅगेत ती निघाली, की तुमची आठवण पोलिसांना समजावत बसावं लागेल.

बुडाच्या जरा वर गोल तडा गेलेली पुंगळी मिळाली. मानेच्या चिरेसारखीच ना ही? (कामठी)

नाही, ही वाईट. बार उडाला की पितळ फुगून चेंबरच्या (नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या) भिंतीला चिकटतं, वायू अडवतं, मग किंचित आखडतं म्हणून पुंगळी बाहेर निघते. बुडामागे बोल्टपर्यंत फट जास्त असेल तर पुढचा भाग भिंतीला धरून राहतो, बूड मागे सरकतं आणि मधलं पितळ ताणून पातळ होतं. आधी चकचकीत कडं दिसतं, मग तडा, मग दोन तुकडे. पुढचा तुकडा चेंबरमध्येच अडकतो आणि वायू मागे नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतो. ती रायफल बाजूला ठेवून पुंगळीसकट आर्मररकडे (हत्यारं दुरुस्त करणाऱ्याकडे) द्या. पुंगळी नसेल तर त्याला अंदाजानं चाचपावं लागतं.

बार ‘फुस्स’ झाला, पुंगळी बाहेरून काळी. पुढची गोळी भरू? (हिंगणा)

मुळीच नाही. दाब कमी पडला, मान चेंबरला घट्ट बसली नाही, म्हणून काजळी बाहेरून मागे आली. गोळी नळीतच अडकली असू शकते. रेंज अधिकाऱ्याला बोलवा. रायफल रिकामी करून, बोल्ट काढून मागच्या बाजूनं नळीत पाहायचं. उजेड आरपार दिसला नाही, तर त्या दिवसाचा सराव संपला.