वाचकांचे प्रश्न : पाणी तपासणीच्या साहित्याची पेटी

प्रश्न : पोहण्याच्या तलावाचं पाणी तपासायच्या ड्रॉपर बाटल्या, काचेच्या नळ्या आणि क्लोरीन मोजायची डीपीडी पावडर मी एकाच पिशवीत ठेवतो. बाटल्या आडव्या होऊन गळतात. घरी पेटी कशी करावी?

उत्तर : प्लास्टिकचा अपारदर्शक टूलबॉक्स घ्या. पत्र्याचा नको, क्षारता मोजायच्या बाटलीत सहसा सौम्य गंधकाम्ल असतं, थेंब सांडला की गंज धरतो. आतली उंची सर्वांत उंच बाटलीपेक्षा 15 मिमी जास्त हवी : तळाला 10 मिमी फोम, झाकणाला आतून 5 मिमी. पेटी कलंडली तरी बाटल्या जागच्या हलत नाहीत.

गादीचा स्पंज वापरूच नका, सांडलेलं सगळं पिऊन बसतो. पॅकिंगचा पॉलिथिलीन फोम किंवा ईव्हीए शीट पुसून साफ होते. बाटलीची दोन तृतीयांश उंची भरेल एवढे थर चिकटवा. भोक बाटलीच्या व्यासापेक्षा 2 मिमी मोठं ठेवा. घट्ट भोकातून बाटली निघत नाही, मग माणूस टोपी धरून ओढतो आणि टोपीच हातात येते. कटरने भोक वेडंवाकडं होतं. त्यापेक्षा भोकाइतक्याच आतल्या व्यासाचा पाइपचा तुकडा घ्या, त्याची कड बाहेरून घासून धारदार करा आणि फिरवत दाबा.

टोप्यांची अदलाबदल हे चुकीच्या आकड्यांचं नेहमीचं कारण. टोपी, बाटली आणि भोकाची कड, तिन्हीवर एकाच रंगाचा ठिपका द्या. बाटली उघडल्याची तारीखही तिच्यावरच लिहा.

नळ्यांना फोममध्ये जागा देऊ नका. त्यांच्यासाठी वेगळा उघडा ट्रे करा. धुऊन उपड्या ठेवायच्या, वाळल्यावरच पेटीत. ओल कोंडली की पावडरचे खडे होतात. पावडरचा चमचाही कोरडाच हवा.

प्रश्न : पेटी पंपघरात ठेवली तर चालेल?

उत्तर : नाही. तिथे क्लोरीन आणि आम्लाच्या वाफा असतात, वर उष्णता. द्रावणं लवकर खराब होतात, आणि बाटली दिसायला मात्र ठीकच दिसते. पेटी घरात, सावलीत, 30 अंश सेल्सियसच्या खाली ठेवा. फ्रीजरमध्येही नको. मुलांचा हात पोचणार नाही अशी जागा निवडा.