भालू तेलानं गेला नाही, ताई

आर्वी तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र, थोडक्यात असं:

“आमचा भालू न्यूफाउंडलँड जातीचा होता. वय सात, वजन साठ किलोच्या आसपास. पिल्लू यजमानांनी नागपूरहून आणलं होतं. होळीच्या आठवड्यात एका रात्री तो नेहमीसारखा एकदाच पोटभर जेवला, वावरातून आलेल्या ट्रॅक्टरमागं धावला आणि नऊच्या सुमारास ओकाऱ्या काढायला लागला. बाहेर काही येईना, नुसता फेस. पोट टम्म झालं. ढोरांना देतो तसं वाटीभर गोडेतेल हिंग घालून पाजलं. पहाटे पाचला पिकअपमध्ये टाकून तालुक्याला निघालो, वाटेतच गेला. विहिरीपासून चाळीसेक फुटांवर पुरला. आता शेजारी म्हणतात पाणी नासलं. आठ वर्षांच्या मुलाला सांगितलंय की भालू मामाच्या गावाला गेला. यजमान म्हणतात, तसंच दुसरं आणू. जेवण जात नाही. मागच्या वर्षी सासरे गेले तेव्हा मी एवढी रडले नव्हते, याची लाज वाटते. बाया म्हणतात, कुत्र्यासाठी का रडून राह्यली. तेल पाजून मीच मारला का त्याला?”

ताई, आधी तेलाचंच बोलू.

भालूला झालं ते ढोरांच्या पोटफुगीसारखं दिसतं, पण ते नव्हे. कोवळा ओला चारा जास्त झाला की गाईच्या पोटात फेस धरतो. तेलानं त्या फेसाचे बुडबुडे फुटतात, म्हणून ढोरांना तेल पाजायची रीत खोटी नाही. मोठ्या अंगाच्या, खोल छातीच्या कुत्र्याचं मात्र जठर वायूनं फुगतं आणि फुगता फुगता स्वतःभोवती पीळ खातं. भरलेल्या पोत्याचं तोंड पिळून बांधावं तशी वरची वाट बंद होते, खालचीही. म्हणून तो ओकत होता आणि फेसाशिवाय काही येत नव्हतं. तुम्ही पाजलेलं तेल जठरापर्यंत बहुधा पोचलंच नाही. पिळात प्लीहा ओढली जाते, जठराचा रक्तपुरवठा तुटतो, आणि फुगलेला गोळा पोटातल्या मोठ्या शिरेवर दाबून बसतो. हृदयाकडे रक्त परतेनासं होतं, हिरड्या पांढऱ्या पडतात आणि कुत्रं काही तासांत जातं. भालू त्यानं गेला.

एवढं मात्र लक्षात ठेवा, ओकाऱ्या काढणाऱ्या जनावराला काहीही पाजू नये. ते फुप्फुसात जायची भीती असते. हिंग, सोडा, ताक, सगळ्यालाच हे लागू.

आता पुढचा प्रश्न तुम्ही लिहिलेला नाही, पण पत्रभर तोच आहे. रात्रीच नेला असता तर? खोटा दिलासा देत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात रात्री डॉक्टर भेटले असते, तर फुगलेल्या जागी जाड सुई घालून वायू काढता आला असता आणि सलाईन लावता आलं असतं. त्यानं वेळ मिळतो, पीळ सुटत नाही. पीळ सोडवायला पोट उघडावं लागतं, आणि जठर पुन्हा फिरू नये म्हणून ते पोटाच्या भिंतीला शिवून टाकावं लागतं. साठ किलोच्या कुत्र्याला भूल देऊन हे करायचं तर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा तसं मोठं ठिकाण गाठायला हवं. तुमच्याकडून तिथवर जायलाच अडीच-तीन तास. वेळेत ऑपरेशन होऊनही काही कुत्री दगावतात. संधी होती, पण बारीक होती. आणि ती घ्यायची तर रात्री साडेनऊलाच ‘हे ढोराचं दुखणं नाही’ हे कळायला हवं होतं. ते तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

दिवसातून एकदाच भरपूर खाऊ घालणं आणि कुत्र्यानं ते भसाभसा गिळणं, यानं धोका वाढतो, हे खरं. मोठ्या कुत्र्याला त्याच मापाचं दोन-तीन वेळा विभागून द्यावं, खाल्ल्यावर तासभर तरी पळू देऊ नये. पण विभागून खाणाऱ्यांनाही हे होतं, आणि जन्मदात्यांना झालं असेल तर पिल्लाला व्हायची शक्यता जास्त. ट्रॅक्टर आणि भाकरी यांच्यावर सगळा दोष टाकता येत नाही. शिवाय या जातीचं आयुष्यच आठ ते दहा वर्षांचं असतं. सातव्या वर्षी भालू तुमच्या डोळ्यांना जवान दिसत असेल, पण तो म्हातारपणाच्या उंबऱ्यावर होता.

विहिरीचं काम मात्र मिरगाआधी करायलाच हवं. शेजारी अगदीच चुकीचं बोलत नाहीत, पण पाणी नासलं की नाही ते नाकानं ठरत नाही. चाळीस फूट हे अंतर कमीच आहे, दीडशे फूट तरी हवं होतं. तरी आता उकरू नका. दोन महिन्यांनी अर्धवट कुजलेलं उघडं पाडण्यात जास्त धोका, आणि तुमच्या मनालाही ते झेपणार नाही. मे महिन्यात काळ्या मातीला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यातून वास वर येतो, कुत्री-कोल्हे उकरायला येतात, आणि पहिल्याच पावसाचं पाणी त्याच भेगांतून थेट खाली उतरतं. म्हणून आधी भेगा बारीक मातीनं ठोकून बुजवा. वर दीड फूट मुरमाचा उंचवटा करा, मधे उंच, कडेला उतार. मुरमाला काळ्या मातीसारख्या भेगा पडत नाहीत. त्यावर दगड मांडा आणि पहिला पावसाळा सरेपर्यंत बाभळीच्या काट्या टाकून ठेवा. विहिरीच्या बाजूला हातभर धुरा घाला, म्हणजे पाणी दुसरीकडे वळेल. चुना टाकायला कुणी सांगेल, टाकू नका; कुजणं उलट लांबतं.

प्यायचं पाणी सध्या नळाचं घ्या. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला सांगून विहिरीचा नमुना तपासायला पाठवा, एकदा आत्ता आणि एकदा पाऊस लागल्यावर. शुद्ध करायला टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर लागते, हजार लिटरला अडीच ग्रॅम. विहिरीचा व्यास दहा फूट आणि पाणी तेरा फूट असेल तर ते साधारण अठ्ठावीस-एकोणतीस हजार लिटर होतं, म्हणजे सत्तर ग्रॅम पावडर. ती थोड्या पाण्यात कालवून लगदा करा, मग बादलीभर पाण्यात ढवळा आणि दहा मिनिटं ठेवा. तळाशी चुना बसेल, तो टाकून द्या. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन विहिरीत सोडा आणि बादली खालीवर हलवा. तासभर पाणी उपसू नका. पावडर जुनी, उघड्या पोत्यातली असेल तर तिचा जोर गेलेला असतो; क्लोरीनचा वास झणझणीत यायला हवा.

दुसरं पिल्लू? आमचं उत्तर नाही. हे कुत्रं कॅनडाच्या पूर्वेकडल्या न्यूफाउंडलँड बेटावरचं. थंडगार समुद्रात कोळ्यांची जाळी ओढायची, बुडत्याला काठावर आणायचं, त्यासाठी घडलेलं. बोटांमधे पडदा, तेलकट दुहेरी केसांचा झगा. आपल्याकडे मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या वर जातो. कुत्र्याला घामाची सोय जवळजवळ नाही, धापा टाकूनच अंग गार करावं लागतं. कूलर चालतो तोवर ठीक. भरदुपारी लाइट गेली की संपलं. केस भादरून हे सुटत नाही, उलट उघड्या कातडीला ऊन लागतं. भालूनं सात उन्हाळे काढले यात तुमच्या हातचं पाणी, ओलं पोतं आणि सावली किती होती, ते यजमानांना विचारा. पुन्हा सात वर्षं तेवढं करायची ताकद आत्ता तुमच्यात आहे का, हेही विचारा. त्यात या जातीत हृदयाच्या महाधमनीखालची वाट जन्मतः अरुंद असण्याचा आजार आढळतो. आईबापांच्या हृदयाची तपासणी दाखवल्याशिवाय पिल्लू घेऊच नये, आणि पिल्लू विकणारे ती सहसा दाखवत नाहीत. पुढच्या वर्षी कुत्रं हवंसं वाटलं तर गावातलंच एखादं पिल्लू घ्या, त्याला रेबीजची लस द्या. आपलं ऊन त्याच्या रक्तात असतं.

मुलाला मात्र या आठवड्यातच खरं सांगा. ‘मेला’ हाच शब्द वापरा. मामाच्या गावाला गेला म्हटलं की पोरगं वाट पाहत राहतं, आणि एक दिवस मामालाच विचारतं. त्याच्या पोटाला पीळ पडला, तो पुन्हा येणार नाही, तुझ्यामुळे काही झालं नाही. तीन वाक्यं पुरतात. तो लगेच खेळायला पळाला तर दुःख झालं नाही असं समजू नका. रात्री झोपताना विचारेल.

सासऱ्यांच्या वेळी घर भरलेलं होतं, तेरावं होतं, चहा होता, माणसं होती. रडायला जागा कुठे होती तुम्हाला? भालूसाठी यातलं काहीच झालं नाही. त्यात रोज संध्याकाळी फणीनं त्याचे केस विंचरायचा हात अजून त्या वेळेला मोकळा होतो, म्हणून त्याच वेळेला जास्त भरून येतं. ज्या गावात पोळ्याला बैलापुढे हात जोडतात आणि बैल गेला की घरात अन्न गोड लागत नाही, तिथं कुत्र्यासाठी रडणं जगावेगळं नाही. बायरन नावाच्या इंग्रज कवीचा कुत्रा याच जातीचा होता. 1808 साली तो गेल्यावर त्यानं त्याचं स्मारक बांधलं, ते आजही आहे. तुम्हाला चबुतरा बांधावासा वाटला तर बांधा, फक्त मुरूम एक पावसाळा बसू द्या, नाहीतर खचून तडे जातील.

जेवण जात नाही असं लिहिलंय. आणखी पंधरा दिवस तसंच राहिलं, झोप उडाली किंवा जगणं नकोसं वाटलं, तर डॉक्टरांकडे जा. टेलिमानस या मनाच्या दुखण्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीतूनही बोलतात. नकोसं वाटणं आलंच तर पंधरा दिवस थांबू नका, त्याच रात्री फोन लावा.

मुरूम टाकायला रविवारी यजमान आणि मुलगा दोघांनाही घेऊन जा. लहान घमेलं मुलाच्या हातात द्या. भालूची फणी धुऊ नका, केसांसकट कपाटात ठेवा.