होणारा जावई कोरियन, लघवीत रक्त: घाबरण्याआधी हे वाचा

ताई, जावई होऊ घातलेला मुलगा सोलचा, वय २७. लष्करी सेवेच्या तपासणीत त्याच्या लघवीत रक्त सापडलं होतं, आणि कोरियन तरुणांमध्ये किडनीचे आजार सर्रास असतात असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं. मला स्वतःला आयजीए नेफ्रोपॅथी (किडनीच्या गाळणीत आयजीए नावाचं प्रथिन साचून होणारा आजार) आहे, १४ वर्षं झाली. त्यातली पाच मी सोलजवळच्या सुवॉनला नोकरीत काढली आणि तिथल्याच डॉक्टरांकडे जात होतो, म्हणून सविस्तर लिहितो.

सर्रास नसतात. कोरियातल्या साधारण ८ टक्के प्रौढांना दीर्घकालीन किडनीविकार आहे, पण त्यात मोठा भरणा साठी ओलांडलेल्यांचा, मधुमेह आणि बीपीवाल्यांचा. विशीतल्या मुलांमध्ये प्रमाण बरंच कमी.

तिथे आजार दिसतो, कारण तो शोधतात. १९९८ पासून शाळेत मुलांची लघवी तपासतात. मग १९व्या वर्षी मुलग्यांची लष्करी तपासणी, त्यात पुन्हा लघवी. २०१९ पासून तर विशी-तिशीतल्या, नोकरी नसलेल्यांनाही दर दोन वर्षांनी सरकारी आरोग्य तपासणी मिळते.

तरुण मुलगे आणि किडनी यांची तिथे जोडी जमायला आणखी एक कारण झालं. २००४ मध्ये कित्येक व्यावसायिक बेसबॉलपटू आणि काही नामवंत अभिनेते पकडले गेले. सैन्यात जायला लागू नये म्हणून त्यांनी लघवीच्या नमुन्यात भेसळ करून किडनीचा आजार असल्याचं भासवलं होतं. याचा त्रास खऱ्या रुग्णांना झाला. माझ्या एका कोरियन सहकाऱ्याची बायोप्सी झालेली होती, तरी ‘खरंच आजारी होतास ना?’ हा प्रश्न त्याला वर्षानुवर्षं ऐकावा लागला. ते मला अजूनही सलतं.

आता खरी गोष्ट. आयजीए नेफ्रोपॅथी पूर्व आशियात जास्त आढळते, आणि ती बहुतेकदा तरुणपणीच कळते. सर्दी-घसा झाला की एक-दोन दिवसांत लघवी चहाच्या रंगाची होते, किंवा काहीच न होता फक्त तपासणीत रक्त दिसतं. पण रक्त दिसलं म्हणजे हाच आजार, असं नाही. सडपातळ मुलांमध्ये डाव्या किडनीची शीर दोन धमन्यांच्या मध्ये दाबली जाऊनही रक्त येतं, आणि ते बऱ्याचदा वाढत्या वयात आपोआप थांबतं.

म्हणून नुसत्या रक्तावर जाऊ नका. सोबत प्रथिनं जातात का, बीपी किती, क्रिएटिनिन (किडनी नीट काम करत नसेल तर रक्तात वाढणारा घटक) किती, हे महत्त्वाचं. प्रथिनं नाहीत आणि बाकी दोन्ही नॉर्मल असतील तर सहसा वर्षातून एकदा तपासणी पुरते. रक्तासोबत प्रथिनं रोज अर्ध्या ग्रॅमच्या वर जात असतील तर मात्र किडनीतज्ज्ञ गाठायलाच हवा. मुलगा व्यायामशाळेत जाणारा असेल तर क्रिएटिनिन थोडं जास्त दिसू शकतं, तेही डॉक्टरांना सांगू दे.

माझं उलट झालं. नोकरीआधीच्या तपासणीत प्रथिनं आली होती, कुणी लक्ष दिलं नाही. पाय सुजले तेव्हा क्रिएटिनिन २.१ होतं, म्हणजे बरंच वाढलेलं. त्या मुलाचं तर १९व्या वर्षीच कळलंय, ताई. लग्न मोडायचा विचार त्यावरून करू नका.

त्याच्याशी मोकळेपणानं बोला, रिपोर्ट मागा. कोरियनमध्ये असले तर ‘ह्यॉल्ल्यो’ म्हणजे लघवीतलं रक्त, ‘तानबेंग्न्यो’ म्हणजे प्रथिनं. दुसरा शब्द आधी शोधा.