नाशिकमध्ये वडिलांसाठी ब्युरोतून केअरटेकर ठेवावा का?

तुम्ही पुण्यात, वडील सिडकोत, अर्धांगवायूने अंथरुणावर. ब्युरोवर भरवसा ठेवावा का, हा तुमचा प्रश्न. ब्युरो माणूस पाठवतो. सेवा नीट होते की नाही हे घरच्या कुणालातरी बघावंच लागतं. इंदिरानगरला आमच्या आईसाठी दोन वर्षं मावशी होत्या, त्या अनुभवावरून सांगते.

पहिल्या ब्युरोने डिपॉझिट घेतलं आणि दीड महिन्यात चार बायका बदलल्या. आईची वाचा गेलेली. तिला काय दुखतंय हे रोजच्या हातालाच कळायचं, आणि हातच रोज नवा. एकीने रात्री कूस बदललीच नाही. माकडहाडावरचा लाल चट्टा माझ्या नजरेस पडला तोवर कातडी फाटली होती. ती जखम भरायला अडीच महिने लागले. एअर बेड घेतलात तरी दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते, हे येणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी बजावा.

शिक्षणाचं म्हणाल तर आमच्या सगळ्यात चांगल्या मावशी सातवी शिकलेल्या होत्या, निफाडहून एसटीने यायच्या. पण नाकातून जेवणाची नळी किंवा कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर नर्सिंग शिकलेलंच माणूस मागा. नळीतून भरवताना डोकं उंच हवं, नंतर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही, नाहीतर अन्न फुप्फुसात जाऊ शकतं. हे त्याच्या तोंडून वदवून घ्या. वडिलांना उचलायचं आहे, तर पुरुष केअरटेकरच बरा.

ब्युरोला दोन गोष्टी स्पष्ट विचारा. खाडा झाला तर बदली कोण, किती वाजेपर्यंत? 2015 च्या कुंभात शाही स्नानाच्या दिवशी रस्ते बंद होते, मावशी पंचवटीत अडकल्या आणि ब्युरोने दिवसभर फोन उचलला नाही. दुसरं, तुम्ही द्याल त्यातले केअरटेकरच्या हातात किती पडतात? कमी पडले की माणूस महिनाभरात दुसरं घर धरतो, आणि त्याला दोष तरी कसा द्यायचा!

पोलीस पडताळणीचा कागद मागा. उशाशी वही ठेवा: कूस, औषध, लघवी, जेवण, वेळेसकट. शेजारच्यांना अधूनमधून न सांगता डोकावायला सांगा. मारहाण किंवा हेळसांड दिसली तर ज्येष्ठ नागरिकांची हेल्पलाइन 14567 आहे.

आणि पहिला आठवडा रजा काढून सिडकोतच राहा. रात्री दोनला उठून वडिलांच्या खोलीत जाऊन बघा.