गणिताची मास्टर्स आधी, की शिकवण्याचा परवाना आधी?

सप्रेम नमस्कार सर,

आपण सांगलीतील माध्यमिक शाळेत आठ वर्षे नववी-दहावीला गणित शिकवत आहात, शिवाजी विद्यापीठाची एम.एस्सी. आणि बी.एड. झालेली आहे, आणि आता कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाची खास गणित शिक्षकांसाठी असलेली मास्टर्स करून तिकडेच शिक्षक व्हावे, असे आपल्या मनात आहे. हा मार्ग योग्य आहे का, असे आपण विचारले आहे. मी स्वतः विश्रामबागेतील एका शाळेत शिकवत होते. आता कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतात (वॉटर्लू याच प्रांतात आहे) शिकवते, आणि ही मास्टर्स मी येथे आल्यावर नोकरी सांभाळून केली. म्हणून स्पष्टच लिहिते: ही पदवी आणि शिकवण्याचा परवाना या दोन वेगळ्या गोष्टींची आपण एकत्र मोट बांधली आहे.

ही पदवी ऑनलाइन आहे. तिच्यासाठी वॉटर्लूत राहावे लागत नाही, आणि त्यामुळेच तिच्या प्रवेशपत्रावर विद्यार्थी म्हणून कॅनडात येता येत नाही, की शिक्षणानंतरचा काम करण्याचा परवानाही मिळत नाही. शिवाय तिच्यात शिकवले जाते ते गणित आहे, शिक्षक-प्रशिक्षण नाही. ऑन्टॅरिओतील सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत शिकवायचे तर ‘ऑन्टॅरिओ कॉलेज ऑफ टीचर्स’चे प्रमाणपत्र लागते (नावात कॉलेज असले तरी ही शिक्षकांची नोंदणी करणारी संस्था आहे), आणि ते आपल्या मूळ पदवीवर व बी.एड.वर अवलंबून असते. येथील शिक्षक-प्रशिक्षण २०१५ पासून चार सत्रांचे झाले, आपल्याकडची बी.एड.ही त्याच सुमारास दोन वर्षांची झाली. आपली बी.एड. जुन्या, एका वर्षाच्या अभ्यासक्रमाची असेल तर प्रमाणपत्राला अटी लागू शकतात, तेव्हा कोणत्या इयत्तेला कोणता विषय किती वर्षे शिकवला याचा तपशीलवार दाखला शाळेकडून आताच घेऊन ठेवावा. वरच्या वर्गांसाठी दोन अध्यापन विषय पाहिले जातात, म्हणून बी.एड.ची दुसरी मेथड कोणती होती हेही येथे महत्त्वाचे ठरते.

कागदपत्रांबद्दल एक अनुभव सांगते. २०१९ च्या महापुरात आमच्या घरात पाणी शिरले आणि ट्रंकेतील माझी मूळ गुणपत्रके भिजून एकमेकांना चिकटली. मी ती पंख्याखाली एकेक करून सोडवत बसले होते. पुढे कळले की त्या मूळ प्रतींवर काम भागणारच नव्हते, कारण ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सर्व विषयांच्या गुणांचा अधिकृत उतारा, विद्यापीठाकडून थेट यावे लागते. त्याला महिने लागतात. बाकी काहीही ठरायच्या आधी तो अर्ज करून टाका.

आता खुद्द अभ्यासाविषयी. एम.एस्सी. झाल्यावर पुन्हा ‘शिक्षकांसाठीचे गणित’ कशाला, असे मलाही वाटत असे. सांगलीत दहावीच्या वर्गात भूमितीतील रचना शिकवताना एका मुलीने विचारले होते, “बाई, कोन दुभागता येतो, मग त्याचे तीन सारखे भाग का नाही करता येत?” परीक्षेला विचारत नाहीत, असे सांगून मी वेळ मारून नेली. वास्तविक एम.एस्सी.ला फील्ड थिअरीचा (उच्च बीजगणिताच्या एका शाखेचा) पेपर मी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाले होते, पण त्या पेपरचा आणि मुलीच्या हातातल्या कंपासचा संबंध माझ्या ध्यानीमनी नव्हता. ६० अंशांच्या कोनाचे तीन भाग करायचे म्हणजे २० अंशांची कोसाइन किंमत रचनेने मिळवायची; ती 8x³ − 6x − 1 = 0 या समीकरणाचे मूळ आहे, या समीकरणाला एकही परिमेय मूळ नाही, आणि पट्टी-कंपासने वर्गमुळांच्या पलीकडे जाता येत नसल्याने घनसमीकरणाचे असे मूळ हाती लागत नाही. फ्रेंच गणिती वांत्सेलने हे १८३७ मध्ये सिद्ध केले. या मास्टर्सच्या एका स्वाध्यायात मला हीच सिद्धता शाळकरी मुलाला कळेल अशा भाषेत लिहायची होती. चार पानांसाठी तीन रविवार गेले. संख्या सिद्धांत, कलनाचा पाया, गणिताचा इतिहास हे सगळे विषय तेथे अशाच अंगाने येतात, आणि वर्गात याचा उपयोग होतो. नोकरी मिळवण्यासाठी मात्र ही पदवी हा जवळचा रस्ता नव्हे.

म्हणून माझ्या मते आधी प्रमाणपत्र आणि स्थलांतराचे कागद यांच्यामागे लागावे. कायम रहिवासी झाल्यावर विद्यापीठाचे शुल्कही साधारणपणे स्थानिक दराने पडते. नोकरीची सुरुवात बहुधा बदली शिक्षक म्हणून होते, म्हणजे सकाळी फोन आला तर शाळा. आठ वर्षे स्वतःचा वर्ग सांभाळलेल्या माणसाला ते जड जाते, हे मनाशी धरूनच यावे. नववीचे गणित २०२१ पासून सर्वांना एकच आहे आणि त्यात कोडिंगही आहे, तेव्हा तेवढी तयारी असू द्यावी.

तोवर वॉटर्लूच्या गणित स्पर्धांचे जुने पेपर सोडवून पाहा. ते विनामूल्य मिळतात. पास्कल ही स्पर्धा नववीसाठी, केली दहावीसाठी, आणि बारावीच्या यूक्लिड स्पर्धेत अडीच तासांत दहा प्रश्न असतात. यूक्लिडमधील बहुतेक प्रश्नांत नुसते उत्तर चालत नाही, रीत लिहावी लागते. ती इंग्रजीत, पूर्ण वाक्यांत लिहून काढा आणि त्यांतील दोन-तीन मला पाठवा.